गोल्फच्या झोक्याची लय

2010 सालच्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ऑरेगॉन येथें स्त्रियांची एक नामांकित गोल्फस्पर्धा चालू होती. ज्यूली इंकस्टर ही 50 वर्षांची, पहिल्या प्रतीच्या स्पर्धा सात वेळां जिंकलेली खेळाडू तींत उतरली होती, व विजय तिच्या आटोक्यांत होता. दहाव्या होलच्या आरंभीं पुढील खेळाडूंची गर्दी झाल्यामुळें तिला सुमारें अर्धा तास खोळंबावें लागलें. अंग आंखडूं नये म्हणून तिनें एका काठीवर वजनाचें कडें चढविलें आणि हवेंतल्या हवेंत कांहीं झोके घेतले. दूरचित्रवाणीवर सामना पाहाणाऱ्या कोणा प्रेक्षकानें तें अधिकाऱ्यांस ई-मेलनें कळविलें, आणि इंकस्टर स्पर्धेंतून बाद झाली. खेळ चालू असतां सरावाचें साधन वापरावयाचें नाहीं, असा नियम होता. त्या कड्यानें तिचा खेळ सुधारला कीं बिघडला, हें नियमास विचारावयाचेंच नव्हतें.

अशा साधनांत असें काय असतें, कीं नियमकर्त्यांनीं त्यांचा इतका धसका घ्यावा?

गोल्फच्या सरावासाठीं निघालेल्या साधनांची आज मोजदाद करवत नाहीं. कांहीं हात सरळ ठेवावयास लावितात, कांहीं नेम दाखवितात. त्यांत झोक्याची लय शिकविणारीं साधनें सर्वांत साधीं, आणि वापरावयाचें कळलें तर सर्वांत उपयोगी. मात्र लय म्हणजे संथपणा, हा समज आधीं टाकून द्यावा लागतो. नवशिक्याचा फटका चुकला कीं शेजारी उभा असलेला हितचिंतक 'सावकाश, सावकाश' असा उपदेश करतो. नवशिका काठी अधिकच हळू मागें नेतो आणि ती वर पोंचतांच घाबरून खालीं हाणतो. उपदेश पाळला जातो, चेंडू झाडींत जातो.

तबलजीस हा भेद सांगावा लागत नाहीं. त्रिताल विलंबित वाजो वा द्रुत, त्याच्या मात्रा 16च. वेग पालटतो, मात्रांचें परस्परप्रमाण पालटत नाहीं. गोल्फच्या झोक्यांतही असेंच कांहीं आढळून आलें. जॉन नोव्होसेल या अमेरिकन गृहस्थानें नामांकित खेळाडूंच्या चित्रफितींतील एकेक चित्र मोजलें. त्या फितींत दर सेकंदास 30 चित्रें येतात. काठी हलल्यापासून ती वर पोंचेपर्यंत एखाद्याचीं 27 चित्रें भरत, आणि तेथून चेंडूस लागेपर्यंत 9. दुसऱ्याचीं 24 व 8. चपळ खेळाडूचीं 21 व 7. प्रमाण तिन्ही ठिकाणीं 3 ला 1! 2004 सालीं जॉन गॅरिटी यांच्या साहाय्यानें त्यानें हें सर्व 'टूर टेंपो' या पुस्तकांत मांडलें. येल विद्यापीठांतील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक रॉबर्ट ग्रोबर यांच्या मोजमापांतही कुशल खेळाडूंचें प्रमाण याच्याच आसपास आलें. काटेकोर 3 प्रत्येकाचें येतें असें नव्हे. पण निक प्राइसचा झटपट झोका आणि एर्नी एल्सचा आळसावलेला भासणारा झोका, हे दोन्ही यशस्वी कां ठरले याचा उलगडा यानें होतो. नवशिका बहुधा काठी मागें नेण्यांतच वेळ दवडतो. त्यास 'सावकाश' म्हणणें म्हणजे त्याचें दुखणें वाढविणें होय.

ही लय अंगीं बाणविण्यास गाण्याच्या वर्गांतील मेट्रोनोमही चालतो. मेल्झेलनें 1815 सालीं ज्याचें पेटंट घेतलें तेंच हें टकटक करणारें लंबकाचें यंत्र. त्याच्या पट्टीवर मिनिटास 40 पासून 208 पर्यंत ठोके लावितां येतात. कांटा 200 वर ठेवावा, म्हणजे दोन ठोक्यांत 0.3 सेकंदाचें अंतर पडतें. पहिल्या ठोक्यास काठी उचलावी, चौथ्यास ती वर पोंचावी, पांचव्यास चेंडूवर यावी. जातांना तीन अंतरें, येतांना एक. म्हणजे 27 ला 9 ची चाल झाली. ज्यास 24 ला 8 ची चाल मानवेल त्यास 225 ठोके लागतात. तें जुन्या लांकडी यंत्राच्या आवांक्याबाहेर आहे, पण मोबाइल फोनवरील मेट्रोनोमास सहज साधतें. नोव्होसेलनें याच कामासाठीं तीन नादांचें साधन काढलें: पहिल्यास काठी हालवावी, दुसऱ्यास परतवावी, तिसऱ्यास चेंडू मारावा. आरंभीं हा वेग अंगावर आल्यासारखा वाटतो, आणि निम्मे लोक येथेंच यंत्र बंद करतात. वास्तविक चेंडू न ठेवतां आठ-दहा दिवस नुसते झोके घेतले तर कान हातांस आपोआप ओढून नेतात.

दुसरें साधन कानाऐवजीं हातांस शिकवितें. लवचीक दांडी, तिच्या टोंकास नारिंगी रंगाचा जड गोळा, आणि मुठीच्या बाजूस तोल राखणारें वजन, अशी त्याची रचना. 'ऑरेंज व्हिप' या नांवानें तें विकलें जातें. काठी वर पोंचली असतां घाई केली, तर दांडी वांकते, गोळा मागें रेंगाळतो आणि हातांस हिसका बसतो. चूक कोणी सांगावी लागत नाहीं. न थांबतां मागें-पुढें दहा-बारा झोके घ्यावे, लगेच साधी काठी उचलून तोच झोका तिच्यांत उतरतो कां तें पाहावें. ही अदलाबदल महत्त्वाची; ती टाळली तर मनुष्य त्या दांडीचाच खेळाडू बनतो. पन्नाशी उलटलेल्यांनीं पहिले झोके अर्धेच घ्यावे, कारण कमरेस जड गोळ्याची ओढ प्रथम जाणवते. शहरांतील दिवाणखान्यांत हा प्रयोग करणाऱ्यानें वर पंखा आहे काय हेंही पाहून घ्यावें! चेंडू कोणत्या दिशेस जाईल, हें मात्र यांपैकीं एकही साधन शिकवीत नाहीं. मूठ चुकीची असेल तर लय सुधारूनही चेंडू वांकडाच जातो.

इंकस्टरला बाद करणारा नियम पुढें सौम्य झाला. 2016 पासून पहिल्या चुकीस दोन फटक्यांचा दंड असून दुसऱ्या चुकीस खेळाडू बाद होतो. 2019 च्या नियमावलींत तर झोक्याची लय साधावी म्हणून खेळतांना संगीत ऐकणेंही नांव घेऊन निषिद्ध केलें आहे. यंत्र, कडें, लवचीक दांडी हें सारें सरावाच्या जागींच ठेवून मैदानांत उतरावें लागतें. खेळाडूनें मनांतल्या मनांत मात्रा मोजल्या तर त्यास मात्र कोणाची हरकत नाहीं.