एक वेबसाइट, चार तऱ्हेची गिऱ्हाइकं



आठवडी बाजारात मसाला घेऊन बसलं की आपण माणूस बघून बोलतो. एकजण घाईत असतो, 'पाव किलो कितीला?' एवढंच विचारतो. दुसरी चिमूटभर मसाला तळहातावर घेऊन वास घेते, 'मिरची कुठली? तेल कुठलं?' असं खोदून विचारते. तिसरी म्हणते, 'ताई, तुम्ही कुठल्या गावच्या?' चौथा खानावळवाला असतो, त्याला महिन्याला दहा किलो लागतो. चौघांशी चार तऱ्हेनं बोलायला आपल्याला कुणी शिकवावं लागलेलं नाही.

वेबसाइटवर मात्र आपण समोर नसतो. पान एकच आणि बघणारे चौघे. एकाला हवं ते मिळालं नाही, तर तो भाव न विचारताच निघून जातो, आणि तो आला होता हेही आपल्याला कळत नाही. मसाला डब्यात पडून राहिला तर त्याचा रंग आणि वास उतरतो, कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून गटाची वेबसाइट करून घेताना या चौघांची जागा आधी कागदावर आखून घ्या. कांदा-लसूण मसाल्याचं उदाहरण घेऊ.

पहिला, घाईचा. बहुतेक लोक मोबाइलवर बघतात. पान उघडताच, बोट न सरकवता, त्याला चार गोष्टी दिसायला हव्यात: मसाल्याचा फोटो, वजन, किंमत आणि 'ऑर्डर करा' हे बटण. पाव किलो, अर्धा किलो, एक किलो असे भाव वेगवेगळे लिहा. कुरिअरचा खर्च तिथंच सांगा. शेवटच्या पायरीला तो अचानक वाढला की गिऱ्हाईक बिचकतं. फोटो सकाळच्या उजेडात, सावलीत, पांढऱ्या कापडावर काढा. फोटोची फाइल हलकी ठेवायला सांगा, नाहीतर रेंज कमी असली की पान उघडतच नाही.

दुसरी, चौकशी करणारी. तिच्यासाठी खाली सविस्तर माहिती द्या. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते आधी. मिरची कुठली तेही सांगा. ब्याडगीनं रंग येतो, लवंगीनं तिखटपणा येतो, हे जाणणारी बाई त्यावरूनच ठरवते. तीळ, शेंगदाणे कुणाला चालत नाहीत, त्यामुळे ते घातले असतील तर लपवू नका. कधी बनवला, किती दिवस टिकतो, एफएसएसएआयचा 14 आकडी क्रमांक आणि शाकाहारी पदार्थाचं हिरवं चिन्ह दाखवा. ऑनलाइन विक्रीत पाकिटाचं निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क दाखवणं नियमानं बंधनकारक आहे. 'यानं साखर बरी होते' असले दावे मात्र लिहू नका. अन्नाची दिशाभूल करणारी जाहिरात कायद्यानं गुन्हा आहे.

तिसरी, माणूस शोधणारी. हिला मसाल्याइतकंच बनवणाऱ्या बायकांबद्दल जाणून घ्यायचं असतं. मिरच्या निवडताना, कांदा वाळवताना, कांडपावर असताना काढलेले खरे फोटो द्या. इंटरनेटवरचे उचललेले फोटो तिला लगेच ओळखू येतात. गाव कुठलं, गटात किती जणी, कोण काय करतं, हे पाच-सहा वाक्यांत सांगा. फोटो टाकण्याआधी प्रत्येकीला विचारा. आणि कुणाचा घरचा नंबर देऊ नका, गटाचा वेगळा नंबर ठेवा.

चौथा, घाऊक घेणारा. त्याला गोष्ट नको, हिशोब हवा. 'दुकान व खानावळीसाठी' असं वेगळं बटण करा. कमीत कमी किती किलो, त्याचा दर काय, किती दिवस आधी सांगायचं, बिल मिळेल का, एवढं तिथं लिहा. आपल्याला महिन्याला जेवढं झेपतं तेवढंच लिहा.

इथं एक सावधगिरी. मोठी ऑर्डर सांगून 'हा क्यूआर कोड स्कॅन करा, ॲडव्हान्स तुमच्या खात्यात येईल' असं म्हणणारे ठक असतात. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या नंबरवर फोन करा.

चौघांसाठी चार वेबसाइट लागत नाहीत. वर भाव आणि बटण, मधे माहिती, खाली आपली ओळख, आणि घाऊकचं बटण वेगळं. भाषा मराठी ठेवा, बाहेरच्या राज्यातलं गिऱ्हाईक हवं असेल तर हिंदी किंवा इंग्रजीही जोडा. वेबसाइटचा खर्च आत्ताच झेपत नसेल, तर व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्येही याच क्रमानं माहिती भरता येते. 'उमेद'च्या गटांना उमेद मार्टवर माल ठेवता येतो का, तेही आपल्या प्रभागातल्या समन्वयक ताईंना विचारा.

पान तयार झालं की गटाबाहेरच्या एखाद्या जावेच्या किंवा शेजारणीच्या हातात मोबाइल द्या. तिला विचारा: पाव किलो कितीला? यात तीळ आहेत का? हा मसाला कोण बनवतं? दहा किलो हवा असेल तर काय करशील? आपण मधे बोलायचं नाही. ती जिथं अडेल, तिथं पान दुरुस्त करायचं.

पुढच्या बैठकीत एका कोऱ्या कागदावर आपल्या मालाची ही चार घरं आखा आणि प्रत्येक घरात काय लिहायचं ते सगळ्या जणी मिळून भरा. वेबसाइट करणाऱ्याकडे तो कागद घेऊनच जा.