आजीची भिंत

आमचे घर भूकंपानंतर बांधलेले आहे. सिमेंटच्या ठोकळ्यांच्या सहा इंची भिंती आणि वर पत्रे. उन्हाळ्यात दुपारपासून ऊन पश्चिमेच्या भिंतीवर येते आणि दिवे लागले तरी ती भिंत तव्यासारखी गरम राहते. आजीची खाट नेमकी तिथेच. ती भिंतीला पाठ टेकत नसे. यंदा घराची दुरुस्ती काढली तेव्हा बाबा म्हणाले, "आधी आईची भिंत करू."

आजी जुन्या माळवदाच्या घराविषयी नेहमी सांगते. दगडमातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती! उन्हाची धग आत पोचेपर्यंत रात्र व्हायची, म्हणून दुपारी घर गार. मी म्हटले, "मग तशीच बांधू या की!" आजी गप्पच झाली. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे त्याच भिंती अंगावर आल्या. आमच्या लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसे गेली. आजीची धाकटी जाऊ त्यातच गेली. त्या भिंतींना आतून एक आणि बाहेरून एक असे दगड रचून मध्ये चिपा व माती भरत. दोन्ही बाजू एकमेकींना बांधलेल्या नसत. त्या फुगल्या, सुटल्या आणि वरून माळवदाची माती आली.

तालुक्याच्या गावी दुकानदार म्हणाला, थर्माकोल लावा. थर्माकोलात बहुतेक हवाच असते, म्हणून तो उष्णता अडवतो हे खरे आहे. पण तो पेटतो आणि उंदीर पोखरतात. आमची चूल त्याच खोलीत आहे. गवंडीमामा म्हणाले, "हवाच पाहिजे ना? मग विकत कशाला आणायची?"

गुरुजींनी मला वाकळीचे उदाहरण देऊन समजावले. थरांमध्ये अडकलेली हवा हलत नाही आणि न हलणाऱ्या हवेतून उष्णता फार सावकाश जाते. तसेच जुन्या भिंतीच्या बाहेर तीन इंच जागा सोडून विटांची चार इंची दुसरी भिंत घ्यायची ठरले. बाहेरून अशासाठी, की ऊन जुन्या भिंतीला लागूच नये.

हे ऐकून आजी लई चिडली. "पुन्हा दोन सुट्या भिंती? लेकरांच्या अंगावर पाडता का?" तिचे खरे होते. मग नव्या भिंतीला वेगळा पाया घेतला आणि जुन्या भिंतीत भोके पाडून सळईचे तुकडे सिमेंटने बसवले. आडवे दोन फुटांवर, उभे दीड फुटावर. दुसरे टोक नव्या विटांच्या सांध्यात. सळई जस्त चढवलेली घेतली, नाहीतर गंजते. ती बाहेरच्या बाजूला थोडी उतरती ठेवली, म्हणजे पाणी आत येत नाही. आजी रोज येऊन सळया मोजायची!

माझे काम फळीचे होते. बांधताना माल फटीत पडतो. तो साचला की दोन्ही भिंती तिथे जोडल्या जातात आणि ऊन व ओल आत येते. म्हणून फटीत दोरीने फळी टांगायची, दोन-तीन थर झाले की वर ओढून माल काढायचा. एक दिवस मी शाळेत होते. त्या दिवशी फळी कोणी ओढली नाही. शेवटी चार विटा काढून साफ करावे लागले.

वर फट विटांनी बंद केली. खाली पाणी जायला बारीक भोके ठेवून उंदरांसाठी जाळी लावली. बाहेरून पांढरा चुना दिला, कारण पांढरा रंग ऊन परतवतो.

पत्रा मात्र अजून तापतोच. त्याच्याखाली बांबूच्या तट्ट्या निम्म्या खोलीलाच पुरल्या, उरलेल्या सोयाबीन विकल्यावर. आजीने खाट तट्ट्यांखाली ओढून घेतली आहे. आता संध्याकाळी ती भिंतीला पाठ टेकून तांदूळ निवडते.