उपदेश वजा जाता

समुपदेशनाच्या प्रशिक्षणात आमच्या बाईंनी दिलेला पहिला गृहपाठ अगदी साधा वाटला होता. सरावाच्या सत्रातली वीस मिनिटं टेपवर घ्यायची, घरी जाऊन ती शब्दन्‌शब्द उतरवायची आणि दोघींचे शब्द मोजायचे. समोर बसलेली सहाध्यायी नोकरी सोडावी की नाही याबद्दल बोलत होती आणि मी मन लावून ऐकते आहे, असा माझा समज होता. कागदावर पाहिलं तर तिच्या एका वाक्याला माझी तीन. त्यातली बरीचशी ‘पण तुम्ही असं का नाही करत?’ या धाटणीची. मला फार वाईट वाटलं. हा गृहपाठ बाईंच्या डोक्यातून निघालेला नव्हता, हे पुढे वाचनात कळलं. त्याचं मूळ अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, १९४० नंतरच्या काही वर्षांत भरलेल्या ध्वनिमुद्रिकांमध्ये होतं आणि त्या भरून घेणाऱ्या माणसाचं नाव होतं कार्ल रॉजर्स.

रॉजर्स यांचा जन्म ८ जानेवारी १९०२ चा, शिकागोजवळच्या ओक पार्कमधला. घर कर्मठ प्रॉटेस्टंट. ते बारा वर्षांचे असताना कुटुंब शेतावर राहायला गेलं आणि मुलाला रात्रीच्या पतंगांचा नाद लागला. अळ्या पाळायच्या, कोषांवर लक्ष ठेवायचं, पाहिलेलं टिपून ठेवायचं. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी सुरुवात केली शेतीशास्त्रापासून. पुढे धर्मकार्याची ओढ लागली, १९२२ मध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या परिषदेसाठी ते पेकिंगला गेले आणि १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दाखल झाले. म्हणजे निघाले होते धर्मोपदेशक व्हायला. एका ठरावीक श्रद्धेशी आयुष्यभर बांधून घेणं आपल्याला जमणार नाही हे लक्षात आल्यावर दोन वर्षांनी त्यांनी समोरचा रस्ता ओलांडून कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात मानसशास्त्राला प्रवेश घेतला.

मराठीत या कामाला आपण जो शब्द वापरतो त्याच्या पोटातच ‘उपदेश’ आहे, म्हणून तो ओलांडलेला रस्ता मला महत्त्वाचा वाटतो. ‘पोलिसांनी तरुणांचे समुपदेशन करून सोडून दिले’ अशी बातमी आपण नेहमी वाचतो. तिथे समुपदेशन म्हणजे समज देणं. कुटुंब न्यायालयांच्या १९८४ च्या कायद्यानंतर विवाह समुपदेशक हे पद आपल्याकडे रुळलं, तिथेही येणाऱ्या नातेवाइकांची अपेक्षा बहुतेकदा ‘तुम्ही तिला जरा समजावून सांगा’ हीच असते. रॉजर्स यांनी सुमारे अर्धं शतक जे काम केलं ते नेमकं याच्या उलट दिशेचं होतं, आणि त्यांना ती दिशा अपयशांतून सापडली.

१९२८ ते १९४० अशी बारा वर्षं ते रॉचेस्टर शहरात मुलांच्या संस्थेत होते. न्यायालयं आणि समाजसंस्था ज्यांना पाठवत, अशी चोरी करणारी, पळून जाणारी, कुणालाच नकोशी झालेली मुलं. तिथले तीन धक्के त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहेत. पहिला आगी लावणाऱ्या एका मुलाचा. त्या काळच्या एका मान्यवर तज्ज्ञाच्या सिद्धान्तानुसार रॉजर्स यांनी त्याच्या वागण्याचं मूळ दाबलेल्या लैंगिक संघर्षात शोधून काढलं, त्यालाही समजावलं आणि प्रकरण सुटलं असं मानलं. मुलगा बाहेर पडला आणि त्याने पुन्हा आग लावली. दुसरा एका छापील मुलाखतीचा. समाजसेविकेने मुलाच्या पालकांशी केलेलं संभाषण त्यांना एकेकाळी उत्तम नमुना वाटलं होतं. काही वर्षांनी तेच वाचलं तेव्हा ती वकिलाची उलटतपासणी वाटली, पालकांना कोपऱ्यात गाठून कबुली घेणारी.

तिसरा प्रसंग मी शिकवताना दरवर्षी सांगते. एका दांडगट मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. मुलाच्या लहानपणी आईने त्याला झिडकारलं होतं हे रॉजर्स यांना स्पष्ट दिसत होतं. तिला ते दिसावं म्हणून त्यांनी सौम्यपणे आणि चिकाटीने प्रयत्न केले, पण उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनी हात टेकले. आपण दोघांनी प्रयत्न केला, जमलं नाही, थांबू या, असं सांगितलं. तिने मान्य केलं, निरोप घेतला, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, तुम्ही इथे मोठ्या माणसांनाही घेता का? रॉजर्स हो म्हणाले. ती परत खुर्चीत बसली आणि तिने आपल्या संसाराची हकिगत सांगायला सुरुवात केली. नवऱ्याशी तुटत आलेलं नातं, हरल्याची भावना, गोंधळ. इतके दिवस ‘केस हिस्टरी’ म्हणून जे सांगत होती त्याच्याशी याचा काहीच संबंध नव्हता. रॉजर्स यांना काय करावं ते कळेना, म्हणून ते ऐकत राहिले. पुढे बऱ्याच भेटी झाल्या, नवरा-बायकोचं नातं सुधारलं आणि मुलाचा दांडगटपणाही ओसरत गेला. कुठे दुखतंय, कुठल्या वाटेने जायचं, आतलं काय आधी बाहेर काढायचं, हे त्या माणसालाच ठाऊक असतं, ही पुढच्या सगळ्या विचाराची पायाभरणी त्या खुर्चीत झाली.

ओहायो स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावर ११ डिसेंबर १९४० रोजी त्यांनी मिनेसोटा विद्यापीठात व्याख्यान दिलं. विद्यार्थ्यांची चाचणी घ्या, निदान करा, मार्ग दाखवा, या पद्धतीचा तो बालेकिल्ला. सल्ला देण्याच्या परंपरेवर तिथेच टीका केल्याने वादळ उठलं आणि आपण काही नवं म्हणतो आहोत हे त्या वादळामुळेच आपल्याला कळलं, असं रॉजर्स सांगत. तोच दिवस त्यांनी या पद्धतीचा जन्मदिवस मानला.

मग आल्या त्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या. समुपदेशनाच्या बंद खोलीत काय घडतं ते तोवर समुपदेशक सांगेल तेवढंच जगाला कळत असे. रॉजर्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी परवानगी घेऊन खोलीत मायक्रोफोन ठेवला. तबकडीची एक बाजू काही मिनिटांतच भरे, म्हणून दोन यंत्रं आलटून पालटून चालवावी लागत. १९४२ च्या त्यांच्या पुस्तकात एका माणसाच्या आठ भेटी टोपणनावाने, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत छापलेल्या आहेत. संपूर्ण उपचार शब्दशः असा त्याआधी कधी छापला गेला नव्हता. त्यांच्या एका विद्यार्थ्याने तर शब्दच मोजले. मार्ग दाखवणारे समुपदेशक न दाखवणाऱ्यांच्या जवळजवळ सहापट बोलत होते. माझ्या पहिल्या गृहपाठाचा उगम तो.

सुरुवातीला या पद्धतीला ‘अनिर्देशक’ म्हटलं गेलं, म्हणजे दिशा न देणारी. १९५१ च्या पुस्तकात ती ‘क्लायंट-केंद्रित’ झाली आणि पुढे ‘व्यक्तिकेंद्रित’. ‘रुग्ण’ हा शब्द रॉजर्स यांनी मुद्दाम टाळला. मराठीत आपली इथेही अडचण होते. ‘अशील’ वकिलाचा, ‘ग्राहक’ दुकानदाराचा, ‘समुपदेशनार्थी’ परीक्षेला बसल्यासारखा. म्हणून आम्ही आपसात बोलताना ‘क्लायंट’च म्हणतो.

शिकागो विद्यापीठातली १९४५ ते १९५७ ही वर्षं सर्वांत भरभराटीची. समुपदेशन केंद्र, संशोधन, १९४६-४७ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचं अध्यक्षपद. याच वर्षांत रॉजर्स स्वतः कोसळले, आणि ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. खोल मानसिक आजारात असलेल्या एका स्त्रीबरोबर काम करताना तिचं आणि आपलं यातली सीमा त्यांना सांभाळता येईना. एके दिवशी आपण वेडे होऊ या भीतीने ते घरी गेले आणि पत्नी हेलन यांच्यासह दोन-तीन महिने गावाबाहेर निघून गेले. परतल्यावर त्यांनी आपल्याच चमूतल्या एका सहकाऱ्याकडे उपचार घेतले. लोकांना आपलं काम आवडतं, पण आतला खरा मी कुणाला आवडण्यासारखा नाही, ही बोच त्या उपचारांत बाहेर आली. दुसऱ्याला जसा आहे तसा स्वीकारायचं हे सूत्र मांडणाऱ्याला स्वतःला तसं स्वीकारणारं कुणीतरी लागलं. माझ्या लेखी त्यांच्या सिद्धान्ताला वजन येतं ते इथून.

त्या स्वीकाराला नाव दिलं त्यांचे विद्यार्थी स्टॅनली स्टँडल यांनी, १९५४ च्या प्रबंधात. मराठीत आपण त्याला विनाअट स्वीकार म्हणू. विनाअट का, हे समजायला आपलं बालपण पुरेसं आहे. ‘शहाणी मुलं रडत नाहीत.’ ‘असं केलंस तर आई बोलणार नाही हं.’ ‘नव्वदच? बाकीचे दहा कुठे गेले?’ वाक्यं प्रेमाचीच असतात, पण प्रत्येकाबरोबर एक अट चिकटून येते, आणि मूल अटीत न बसणारं स्वतःतलं सगळं हळूहळू अडगळीत टाकतं. चाळिशीत, पन्नाशीत माणूस समुपदेशकापुढे बसतो तेव्हा आपल्याला राग येतो हेसुद्धा त्याला खरोखर माहीत नसतं. अट नसलेल्या सहवासात तो राग एकदाचा त्याच्या ओळखीचा होतो.

१९५७ मध्ये रॉजर्स यांनी धाडसी विधान केलं: माणूस बदलण्यासाठी सहा गोष्टी आवश्यक आहेत आणि तेवढ्या पुरेशाही आहेत. त्यांत निदान नाही, सल्ला नाही, विशेष ज्ञानही नाही. समुपदेशकाच्या वाट्याला येतात त्यातल्या तीन: सच्चेपणा, विनाअट स्वीकार आणि समानुभूती. शिवाय हे समोरच्यापर्यंत थोडं तरी पोचलं पाहिजे. समानुभूती म्हणजे दुसऱ्याचं जग आतून पाहणं, जणू ते आपलंच आहे असं. पण तो ‘जणू’ सुटू द्यायचा नाही. शिकागोत तो सुटल्यावर काय होतं हे त्यांनी भोगलं होतं.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं? एक कल्पित उदाहरण घेऊ. स्वेच्छानिवृत्ती घेतलेला माणूस म्हणतो, “घरात कुणी काही बोलत नाही हो. पण सकाळी ही चहाचा कप जरा जोरातच ठेवते.” आपल्या तोंडावर लगेच येतं, “अहो, तसं काही नसेल, तुम्ही मनाला लावून घेता.” झालं, दार बंद. शिकाऊ समुपदेशक म्हणतो, “म्हणजे तुम्हाला वाईट वाटतंय.” हे चुकीचं नाही, पण पुस्तकी आहे. थोडा थांबून कुणी म्हणालं, “त्या आवाजात तुम्हाला काहीतरी ऐकू येतं,” तर तो माणूस बहुधा स्वतःच सांगेल काय ऐकू येतं ते. कदाचित त्याला त्यात बायको ऐकूच येत नसेल, तीस वर्षांपूर्वी वारलेले वडील ऐकू येत असतील. समुपदेशकाला हे आधी कळणं शक्य नाही आणि त्याची गरजही नाही.

शेवटचे शब्द परत म्हणणारा पोपट, अशी रॉजर्स यांच्या पद्धतीची नक्कल होऊ लागली तेव्हा ते मनस्वी दुखावले. आपण प्रतिध्वनी काढत नसतो, मला बरोबर समजलं का, हे त्या माणसाला विचारत असतो, असं ते अखेरपर्यंत सांगत राहिले.

विस्कॉन्सिनची वर्षं (१९५७ ते १९६३) कसोटीची होती. मेंडोटा इथल्या सरकारी मनोरुग्णालयात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबरोबर ही पद्धत टिकते का, हे त्यांना पाहायचं होतं. चमूत भांडणं झाली, नोंदी गहाळ झाल्या, ग्रंथ निघायला १९६७ उजाडलं. निष्कर्षही त्यांना हवे तसे नव्हते. उपचार मिळालेला गट एकूण पाहता न मिळालेल्यांच्या फार पुढे गेला नाही; जिथे समानुभूती आणि सच्चेपणा अधिक होता तिथेच फरक दिसला. पण त्याच रुग्णालयातल्या एका अबोल तरुणाबरोबरच्या भेटींचं शब्दांकन उपलब्ध आहे. आपण कुणाच्याच कामाचे नाही, असं म्हणून तो गप्प झालेला. एका भेटीत शांतता पंधरा मिनिटांहून अधिक चालते आणि रॉजर्स नुसते बसून असतात, मधूनच एखादं वाक्य, तेही अंदाजाने. तो शेवटी रडतो. लहानपणी घराच्या तळघरात साठवलेल्या बटाट्यांना अंधारात फिकट, लांबट मोड येत आणि ते दूरच्या खिडकीच्या दिशेने वाढत, हे रॉजर्स यांना अशा रुग्णालयांतली माणसं पाहून आठवे. वाढ वेडीवाकडी आहे, पण ती उजेडाकडेच चालली आहे. आपल्या स्वयंपाकघरातल्या टोपलीच्या तळाशी हे प्रत्येकाने पाहिलेलं असतं.

महाराष्ट्रात रॉजर्सपेक्षा अल्बर्ट एलिस अधिक वाचले गेले. किशोर फडके आणि अंजली जोशी यांच्या लेखनामुळे एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी घरांत पोचली. चुकीचा विचार पकडा, वाद घाला, बदला, हे आपल्या तर्कप्रिय परंपरेला मानवलं आणि त्याचा अनेकांना खरोखर उपयोग झाला. एलिस, रॉजर्स आणि गेस्टाल्ट पद्धतीचे फ्रिट्झ पर्ल्स यांनी ग्लोरिया या एकाच स्त्रीशी केलेली संभाषणं १९६५ च्या चित्रपटात आहेत. घटस्फोटानंतर आपल्या आयुष्यात पुरुष आहेत हे नऊ वर्षांच्या मुलीला सांगावं का, हा तिचा प्रश्न. रॉजर्स उत्तर देत नाहीत, पण तिला एकटीही सोडत नाहीत. चित्रीकरणाच्या शेवटी तिने जास्त उपयोगाचे म्हणून निवडले ते पर्ल्स. तरी पुढे आयुष्यभर पत्रव्यवहार ठेवला तो रॉजर्स पती-पत्नींशी.

आक्षेप आहेत आणि ते मी हलके मानत नाही. तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी १९५७ च्या जाहीर संवादात रॉजर्स यांना तोंडावर सांगितलं होतं की मदत मागायला आलेला आणि मदत करणारा समान पातळीवर नसतात. मारहाण सोसणारी बाई समोर असेल तर कायदा, निवारा, पैसा यांची माहिती देणं हा उपदेश नव्हे. ती न देणं हा गुन्हा आहे. ‘पुरेशा’ या शब्दाबद्दलही शंका उरते. इंग्लंडमध्ये शेफील्डला ५१० नैराश्यग्रस्तांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहा महिन्यांनी व्यक्तिकेंद्रित उपचार विचार-वर्तनाच्या पद्धतीपेक्षा कमी ठरले नाहीत. वर्षानंतर मात्र विचार-वर्तनाच्या पद्धतीचा गट पुढे दिसला. माझ्या अनुभवाशी हे जुळतं. काहींना ऐकलं जाणं पुरतं, काहींना त्यानंतर आणखी काही लागतं, पण ऐकलं गेल्याशिवाय पुढचं घेण्याच्या स्थितीत फारच थोडे असतात.

रॉजर्स अखेरच्या वर्षांत हेच ऐकणं खोलीबाहेर घेऊन गेले: उत्तर आयर्लंडमधले कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट, दक्षिण आफ्रिकेतले गोरे आणि काळे, १९८६ मध्ये मॉस्को आणि तिबिलिसी. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी ते वारले.

आता तो शब्द मोजायचा गृहपाठ मी देते. टेपच्या जागी मोबाइल आला आहे, एवढाच फरक. परवा एका विद्यार्थिनीने सरावाच्या सत्राचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. पहिली दहा मिनिटं ती समोरच्या बाईंना धीर देत होती आणि बाई “हो, हो ना” म्हणत होत्या. मग तिला बहुधा सांगण्यासारखं काही उरलं नाही. पंख्याची घरघर, बाहेर रिक्षाचा हॉर्न, कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज. विद्यार्थिनी ओशाळून ध्वनिमुद्रण पुढे सरकवायला निघाली, मी तिचा हात धरला. जवळजवळ दोन मिनिटं तसंच गेलं. मग बाईंचा आवाज आला, आधीपेक्षा कितीतरी खाली: “खरं सांगू का...”