विमान मालकाचे, दैना कामगाराची!

१७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून सुटलेले जेट एअरवेजचे शेवटचे विमान मुंबईत उतरले आणि जवळपास २६ वर्षे चाललेली ही कंपनी बंद पडली. त्या दिवसांत वर्तमानपत्रांचे रकाने मालक नरेश गोयल यांचे काय होणार, बँकांचे किती बुडणार, तिकिटे किती महागणार, या चर्चेने भरून गेले होते. आमचा प्रश्न वेगळा आहे. विमानात सामान चढविणारे, विमान झाडून-पुसून लख्ख करणारे, काउंटरवर रात्रभर उभे राहणारे, गाड्या चालविणारे हजारो लोक कोठे राहत होते? ते पाली हिलवर राहत नव्हते. कळवा, दिवा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगरच्या चाळींतून आणि वन-रूम-किचनमधून लोकलला लोंबकळत घाटकोपर गाठायचे व तेथून अंधेरीची वाट धरायची, असा त्यांच्यातील कितीतरी जणांचा दिनक्रम होता. विमान बंद पडले तेव्हा मालक विमानतळाबाहेर उभा नव्हता. हे लोक उभे होते.

ही कंपनी उभी कशी राहिली, हे आधी पाहिले पाहिजे. १९५३ च्या कायद्याने देशातील विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले व एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स ही दोन महामंडळे निर्माण झाली. १९९१ नंतर नव्या आर्थिक धोरणाचे वारे सुटले, आकाश खासगी भांडवलाला मोकळे झाले आणि १९९४ मध्ये तो जुना कायदाही रद्द झाला. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त अशा कंपन्या आल्या आणि काही वर्षांत गेल्याही. विदेशी विमान कंपन्यांची तिकिटे विकण्याच्या धंद्यातून वर आलेल्या गोयल यांची जेट मात्र टिकली. ५ मे १९९३ रोजी भाड्याने घेतलेल्या चार बोइंग विमानांनी तिने सुरुवात केली. वेळेवर सुटणारी, नीटनेटकी सेवा म्हणून मध्यमवर्गाने तिला डोक्यावर घेतले. २००५ मध्ये तिचे शेअर बाजारात आले आणि गोयल अब्जाधीशांच्या यादीत जाऊन बसले.

घसरणही मालकाच्याच निर्णयांतून सुरू झाली. २००७ मध्ये सहारा एअरलाइन्स १,४५० कोटी रुपयांना विकत घेतली, ती गळ्यात अडकली. तोवर एअर डेक्कन, इंडिगो यांसारख्या स्वस्त तिकिटांच्या कंपन्या आल्या होत्या. इंधन महागले, रुपया घसरला की विमानाचे भाडे, इंधन, दुरुस्ती असा डॉलरशी बांधलेला सगळा खर्च वाढतो. पण स्पर्धेमुळे तिकीट वाढविता येत नाही. २०१३ मध्ये अबुधाबीच्या एतिहादने २४ टक्के हिस्सा घेतला, तो पैसाही पुरला नाही. अखेरीस ८ हजार कोटींहून अधिक बँकांचे कर्ज, पगार थकलेले आणि एकेक करून जमिनीवर आलेली विमाने! मार्च २०१९ मध्ये गोयल दांपत्य संचालक मंडळावरून पायउतार झाले व पुढच्याच महिन्यात सुमारे २० हजार लोकांच्या चुली थंडावल्या.

याची पूर्वसूचना दहा वर्षे आधीच मिळाली होती. ऑक्टोबर २००८ मध्ये जेटने सुमारे १,९०० कर्मचाऱ्यांना एका फटक्यात घरी बसविले. गणवेशातली ती मुले-मुली रडत रस्त्यावर आली, राज ठाकरे यांच्या दारी गेली, विमाने उडू देणार नाही असा इशारा दिला गेला आणि दोन दिवसांत मालकाने निर्णय फिरविला. नोकऱ्या वाचल्या याचा आनंदच आहे. परंतु हक्क म्हणून नव्हे तर कोणाच्या तरी मेहेरबानीने वाचलेली नोकरी किती दिवस टिकणार? आपण कामगार नसून ‘एक्झिक्युटिव्ह’ आहोत, आपल्याला युनियन कशाला हवी, हे ज्यांच्या मनावर बिंबविले गेले त्यांना २०१९ मध्ये कोणाचेच दार उरले नाही. मालकाची तिजोरीच रिकामी होती, तेथे इशारा कोणाला देणार?

पुढे कायदा काय करतो तेही समजून घ्यावे. जून २०१९ मध्ये जेटचे प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेले. २०२१ मध्ये जालान-कालरॉक गटाची योजना मंजूर झाली, पण विमान काही उडाले नाही. भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटी पूर्ण द्या, असा अपिली न्यायाधिकरणाचा निर्णय २०२२ मध्ये आला. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये त्यात हस्तक्षेप केला नाही. तरीही योजनाच बारगळली आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. मोडीत काढताना पैसे वाटण्याची एक रांग असते. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी आणि तारण असलेल्या बँका, एकाच पायरीवर. त्यानंतर ‘कामगार’ या व्याख्येत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार. म्हणजे ज्या पदनामाने पोर हुरळून गेले, त्याच पदनामाने त्याला रांगेत एक पायरी मागे ढकलले! आणि ठेकेदाराच्या हाताखालचा सफाई कामगार, लोडर? कंपनीच्या हजेरीपटावर त्याचे नावच नसते. ठेकेदाराने मजुरी बुडविली तर मूळ मालकाने द्यावी, अशी तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती. परंतु मूळ मालकच बुडाला तर ती कोणाकडून वसूल करायची?

आमच्या वाचकांसाठी यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. सरकारी विमान कंपन्यांत अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण होते. त्या नोकरीवर वस्तीतल्या किती घरांत पहिली पदवी, पहिले पक्के घर आले! खासगी कंपन्यांत ते दार कधी उघडलेच नाही. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली आणि होते तेही बंद झाले. म्हणजे आकाश खासगी झाले तेव्हा आमचा वाटा गेला आणि खासगी कंपनी बुडाली तेव्हा आमची मजुरी गेली. प्रमुख उद्योग राज्यसंस्थेच्या मालकीचे असावेत, हे बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये का मांडले, याचे उत्तर येथे मिळते.

कल्याणजवळच्या नेवाळीची जमीन दुसऱ्या महायुद्धात विमानतळासाठी घेतली गेली. ती परत मिळावी म्हणून शेतकऱ्यांना जून २०१७ मध्येही रस्त्यावर उतरावे लागले. आता ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आहे. ठाणे, कळवा, डोंबिवलीची आमची पोरे तेथे कामाला लागतील, लागलीही पाहिजेत. मात्र किंगफिशर २०१२ मध्ये, जेट २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये बंद पडली, हे ध्यानात ठेवून त्यांनी आत पाऊल टाकावे.

नियुक्तिपत्र हातात पडल्याशिवाय काम सुरू करू नये. २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेने ते बंधनकारक केले आहे. दर महिन्याची पगारपावती जपून ठेवावी. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात पैसे खरोखर जमा होतात का, हे दर महिन्याला पाहावे; दोन महिने हप्ता चुकला की समजावे, जहाज गळू लागले आहे. कंपनी दिवाळखोरीत गेली तर मुदतीत आपला दावा लेखी दाखल करावा. जो दावा करत नाही त्याचे नाव यादीत येत नाही. आणि पदनाम काहीही असो, युनियनमध्ये सामील व्हावे, नसेल तर उभारावी. सुटाबुटातला असो की झाडूवाला, पगार बुडाला की दोघांची चूल एकाच दिवशी विझते. मग संघटना वेगळी कशासाठी?