सक्षम: येतं की करवतं?

'तुम्ही सक्षम आहात का?' हा प्रश्न फॉर्मवर दिसतो. बोलताना आपण असं विचारत नाही. संस्कृतात 'क्षम्' म्हणजे सोसणे; 'क्षमा' आणि 'सक्षम' दोन्ही त्यातूनच आले. बोली मात्र क्षमता फोडून सांगते. वर्धेकाठच्या कौंडण्यपुरातले एखादे आजोबा म्हणतील, 'मले पोहता येते, पण आता पोहवत नाही.' म्हणजे कला आहे, अंगात त्राण नाही. या दुसऱ्या रूपाला व्याकरणात शक्य क्रियापद म्हणतात. आता सर्वेक्षणात 'सक्षम: हो/नाही' एवढंच विचारलं, तर आजोबांनी खूण कशावर करायची? फरक साधा नाही बरं का! ज्याला येत नाही त्याला शिकवावं लागतं. ज्याला करवत नाही त्याला आधार द्यावा लागतो.