सावकाश उकलणारे रहस्य



रहस्यकथा म्हटले की आपल्या पिढीला बाबूराव अर्नाळकरांचे धनंजय आणि झुंजार आठवतात. पुढे काय होणार म्हणून भराभर पाने उलटायची, हीच त्यांची गंमत. आज ज्या कादंबरीमालेविषयी बोलायचे आहे, तिच्यात पाठलाग जवळजवळ नाही आणि खूनही क्वचितच.

मालेचे नाव 'द नंबर वन लेडीज डिटेक्टिव्ह एजन्सी'. लेखक अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांचा जन्म १९४८ साली आजच्या झिम्बाब्वेतील बुलावायो येथे झाला. त्यांनी बोत्स्वाना विद्यापीठात कायदा शिकवला. एडिंबरा विद्यापीठात ते वैद्यकीय कायद्याचे प्राध्यापक होते. पहिले पुस्तक १९९८ साली आले, आता ही संख्या विसाच्या पुढे गेली आहे.

नायिका प्रेशस रामोत्स्वे. तिचे वडील दक्षिण आफ्रिकेतील खाणींत राबले आणि त्यात फुप्फुसे गमावून बसले. त्यांच्यामागे राहिलेली गुरे विकून ती बोत्स्वानाच्या राजधानीत, गाबोरोनीत, गुप्तहेर कचेरी उघडते. सामान बेताचेच: छोटी पांढरी व्हॅन, टाइपरायटर आणि चहाची किटली. लोक तिला 'मा रामोत्स्वे' म्हणतात. त्स्वाना भाषेत बाईमाणसाला 'मा' आणि पुरुषाला 'रा' लावल्याशिवाय बोलणे उद्धटपणाचे. कामाचा विषय काढण्याआधी झोप नीट लागली ना, हे विचारायचे. कथेचा संथपणा असा तिथल्या रीतीभातीतूनच आलेला आहे.

नेहमीच्या रहस्यकथेचा प्रश्न असतो, 'हे कोणी केले?' इथे खरा प्रश्न त्यापुढचा आहे: कळले, आता काय करायचे? पहिल्याच पुस्तकात एका कमावत्या बाईच्या घरी एक गृहस्थ 'मी तुझा बाप' म्हणून येऊन राहतो. मा रामोत्स्वे नर्सच्या वेषात त्याच्याकडे जाते आणि सांगते, मुलीला अपघात झालाय, तुमचे रक्त हवे, तुमच्या जिवालाही धोका आहे. तो मागे सरतो आणि खोटेपणा उघडा पडतो. ती पोलिसांना बोलावत नाही. त्याला घराबाहेर काढते. शिक्षेपेक्षा त्या बाईची सुटका तिला महत्त्वाची वाटते.

होमिओपॅथीच्या दवाखान्यात रोग्याची हकीगत ऐकण्यातच बराच वेळ जातो. खरी तक्रार पुष्कळदा तो उठून दाराशी गेल्यावर सांगतो. घाई केली तर ती हाती लागत नाही. मा रामोत्स्वेही चहा पुढे ठेवून समोरच्याला बोलू देते, म्हणून ती मला ओळखीची वाटते.

ही पुस्तके गोडगोड आहेत, असा आक्षेप घेतला जातो. पण या हसऱ्या बाईने नवऱ्याचा मार खाल्ला आहे, तान्हे मूल गमावले आहे. तिची मदतनीस माकुत्सी आजारी भावाची शुश्रूषा करता करता त्याला गमावते. दुःख आहे, लेखक त्याचा बाजार मांडत नाही, एवढेच.

वाचायला सुरुवात पहिल्या पुस्तकापासूनच करावी, कारण माणसे भागागणिक मोठी होत जातात. रात्री एक प्रकरण पुरे. त्याच पुस्तकात एक डॉक्टर आहे: एके दिवशी निष्णात, तर दुसऱ्या दिवशी साध्या गोष्टीत चुकणारा. असे का, हे मात्र मी सांगणार नाही. माझ्या व्यवसायातल्यांनी तर ते स्वतःच शोधावे.