पुन्हा भरलेले काडतूस

सातारा-सांगलीकडच्या माणसापुढे पिस्तुलाचे नाव काढले की त्याला प्रतिसरकार आठवते. क्रांतिसिंह नाना पाटील, कुंडलची तुफान सेना, ७ जून १९४३ ची शेणोलीची गाडी, १४ एप्रिल १९४४ चा धुळ्याचा खजिना, या गोष्टी आपल्या ओठांवर असतात. गोळी कोणावर झाडली हे आपण चवीने सांगतो. पण चाप ओढल्यावर ती खरोखर सुटेल, याची खात्री कोण देणार होते, हे सहसा कोणी विचारीत नाही. आज आम्ही त्या खात्रीविषयीच बोलणार आहो. जन्म कामगार संघटनेत गेल्यामुळे आम्हाला कोणत्याही वस्तूकडे पाहिले की आधी तिला घडविणारा हात दिसतो. तेव्हा विषयाची मांडणीही त्याच बाजूने होईल.

२४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, ते पहारेकऱ्यांच्या बंदुका घेऊन. भूमिगतांची बरीच शस्त्रे अशी हिसकावलेली असत. काही गोव्याकडून आली. हिसकावलेल्या बंदुकीला कारखाना नसतो. तिच्याबरोबर हाती लागली तेवढी काडतुसे, ती संपली की बंदूक म्हणजे लोखंडी काठी. अशा वेळी जगभरच्या माणसाला एकच विचार सुचतो : रिकाम्या पुंगळीत पुन्हा दारू भरता येणार नाही का?

येते. पण कशी, हे कळायला काडतूस उघडून पाहिले पाहिजे. त्याचे चार भाग : पितळेची पुंगळी, बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की टोपी, दारू आणि गोळी खर्ची पडतात, पुंगळी उरते. काडतुसाच्या किमतीचा मोठा वाटा तिच्यातच असतो. म्हणूनच अमेरिकेसारख्या देशांत ती पुन्हा भरण्याचा रीतसर छंद आहे आणि व्यापारही आहे. तेव्हा पुन्हा भरलेले काडतूस मुळातच वाईट, असे म्हणता येणार नाही. ते भरणाऱ्याच्या मापाइतके चांगले असते, एवढेच खरे.

आता पुंगळी. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलात बार उडताना दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे २,४०० किलोपर्यंत दाब येऊ शकतो. मालमोटारीच्या टायरात तो आठेक किलो असतो. या दाबाने पुंगळी फुगते आणि तिला पुन्हा मापात दाबावे लागते. पितळ वारंवार वाकविले की कडक होते आणि शेवटी चिरते, हे आपल्या तांबटआळीतल्या कोणत्याही कारागिराला ठाऊक आहे. याचा एक धडा याच देशात मिळाला. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी फौजेची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत ठेवली जात आणि पुढे पाहावे तो पुंगळ्यांना चिरा पडलेल्या. १९२१ साली उलगडा झाला : घडविताना पितळेत राहिलेला ताण आणि घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, यांची ती करणी. ती चीर केसाएवढी असते, पण दाबाच्या वायूला तेवढी वाट पुरते.

दुसरी गोष्ट दारूची. जुनी काळी दारू पुंगळी भरून लागे. दुप्पट घालू म्हटले तरी मावत नसे. बिनधुराची दारू आली, ती थोडक्यात मोठे काम करणारी. अडतीस स्पेशल हे रिव्हॉल्व्हरचे काडतूस १८९८ च्या सुमाराचे, काळ्या दारूच्या मापाने बेतलेले. त्यात नव्या दारूने पुंगळीचा थोडाच भाग भरतो. भरणाऱ्याचे लक्ष क्षणभर ढळले आणि एकाच पुंगळीत दोनदा दारू पडली, तर वरून काहीच कळत नाही. कळते ते हातातले चक्र फुटल्यावर. उलट दारू घालायचीच राहिली, तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि मध्येच अडकते. आवाज बारीक येतो. माणूस चिडून पुन्हा चाप ओढतो, दुसरी गोळी पहिलीवर आदळते आणि नळी फुगते किंवा फाटते. म्हणजे कमी दारू निरुपद्रवी, हा समज खोटा आहे.

तिसरी टोपी. फौजी काडतुसांत बहुधा बर्डन पद्धतीची टोपी असे. तिच्याखाली पुंगळीच्या बुडाला मधोमध भोक नसल्यामुळे जुनी टोपी ढकलून काढणे किचकट. बॉक्सर पद्धतीत ते सोपे. गंमत अशी की बर्डन अमेरिकन आणि बॉक्सर इंग्रज. पण बॉक्सरची टोपी अमेरिकेत रुळली आणि बर्डनची युरोपात. जुन्या टोप्यांतल्या क्षारांनी नळी गंजे, तो त्रास निराळाच.

टोपी ओली निघाली तर रिव्हॉल्व्हरवाल्याचे चक्र पुढच्या काडतुसावर फिरते. आपोआप भरणारे पिस्तूल मात्र तिथेच अडून बसते. शिवाय त्यात काडतूस वेगाने आत ढकलले जाते. गोळी पुंगळीत सैल बसली असेल तर ती मागे सरकते, आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. ठिणगी पडूनही बार क्षणभर उशिरा उडू शकतो. म्हणून न उडालेले काडतूस लगेच काढू नये, नळी निर्धोक दिशेला धरून थांबावे, असा शिरस्ता आहे.

आणि बावीसच्या काडतुसात ठिणगीचा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो, म्हणून ते पुन्हा भरण्याच्या कामाचे नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्णपदक मिळविले, ते याच जातीच्या पिस्तुलाने. त्या खेळात प्रत्येक गोळी नवी.

मग कारखान्याच्या काडतुसावर भरवसा का ठेवायचा? खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. तिथले यंत्र जादूचे नाही. भरवसा येतो तो एकाने भरलेले दुसऱ्याने तपासण्यातून, प्रत्येक घाण्यातली काही काडतुसे उडवून पाहण्यातून आणि वाईट निघाला तर सगळा घाणा बाद करण्यातून. घरी भरणाऱ्याजवळ हत्यारे असतील, पण दुसरा तपासनीस नसतो. थकलेल्या माणसाचा हात चुकतो, हे कामगाराला कोणी शिकवावे लागत नाही. त्याचा उपाय शिक्षा नव्हे; बेताची पाळी आणि तपासणारा दुसरा डोळा हाच होय.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून दारूगोळा बनविणे गुन्हा आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग व ते बनविण्याची यंत्रेही येतात. तेव्हा हा छंद इथे कोणी घरात करावा, असे आम्ही सुचवीत नाही. परवानाधारकानेही कोणी भरले हे ठाऊक नसलेले काडतूस हत्यारात घालू नये.

पण खरा धोका परवानाधारकाला नाही, तो पितळेच्या भावाला भुलणाऱ्या गरिबाला आहे. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा माणसे गेली. त्यांत मजूर होते. जुन्या वाड्याच्या माळ्यावर, कोनाड्यात एखादे काडतूस सापडले तर ते ठोकू नका, चुलीत टाकू नका, भंगारात घालू नका, पोरांच्या हाती देऊ नका. आहे तिथेच ठेवून पोलिसांना कळवा. ते आजोबांच्या पराक्रमाची आठवण असेलही. पण ऐंशी वर्षांत त्यातली दारू निवली असेल, अशी हमी कोणताही कारखाना देत नाही. आठवण जपायची असेल तर त्यांचे नाव जपावे, काडतूस नव्हे.